एकशे बारा डब्यांचा नंबर

पाचपावलीत मनकर्णाबाईची आटाचक्की होती आणि तिथं एकच कायदा चाले. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही. बायका सकाळी दळणाचा डबा आणून रांगेत ठेवत आणि खुशाल निघून जात. कोणी पोळ्या लाटायला, कोणी पोरांना न्हाऊ घालायला, कोणी शेजारणीशी अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायला. डबा तिथं आहे म्हणजे बाई तिथं उभी आहे असं समजायचं. पुढचं दळण झालं की बाकीचे डबे हातभर पुढं सरकवायचे, आणि ते काम मनकर्णाबाई स्वतः करी. दुसऱ्या कोणाला तिनं ते करू दिलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

हा कायदा मोडायची हिंमत एकदाच झाली. कुठल्याशा नगरसेवकाच्या मेव्हण्याला घाई होती. त्यानं आपला पिपा सहाव्या नंबरावरून उचलून पहिल्या नंबरावर ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला. मनकर्णाबाई एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही हे पाहून रांगेतल्या जुन्या गिऱ्हाइकांना घाम फुटला, पण मेव्हणा बिचारा नवखा होता. बाईनं नुकत्याच मिरच्या दळल्या होत्या. मिरच्यांनंतर मूठभर कण्या टाकून ती दगड साफ करून घेई, तेवढं त्या दिवशी विसरली. मेव्हण्याच्या घरी आठ दिवस सगळी माणसं डोळे पुसत पोळ्या खात होती. नवव्या दिवशी तो नवीन दळण घेऊन आला आणि मुकाट्यानं शेवटच्या नंबराला जाऊन उभा राहिला.

एवढ्याशा गोष्टीचं बाईनं इतकं लावून का घ्यावं, असं कोणाला वाटेल. ज्यांना वाटतं त्यांना रांगेबाहेर कधी उभं राहावं लागलं नसेल. मनकर्णाबाई मूळची कळमेश्वरकडच्या एका खेड्यातली. लहानपणी आईचा पदर धरून ती तिथल्या इंजिनाच्या चक्कीवर जाई. आईची ज्वारीची टोपली चक्कीपासून वीस हात लांब, बाभळीखाली ठेवावी लागे. मागून येणारे पुढं जात. साऱ्या गावाचं दळून झालं की चक्कीवाला लांबूनच ओरडे, "आण वं, तुही आण." कधी ओरडतही नसे, इंजिन बंद करून जेवायला निघून जाई. मग मायलेकी ज्वारी तशीच डोक्यावर घेऊन घरी परतत. छप्पन साली मनकर्णाबाईनं नवऱ्याबरोबर नागपुरात दीक्षा घेतली. पांढऱ्या लुगड्यात घरी परतताना ती वाटेत नवऱ्याला म्हणाली, "मी चक्की टाकीन जी. अन् जो आधी येईन त्याचं आधी दळीन, मंग तो कोणी का असे ना." उन्हानं हिचं डोकं तापलं असावं, असं नवऱ्याला वाटलं.

नवरा म्हणजे रुपराव. माणूस देवाच्या गाईसारखा. तीस वर्षं मिलमध्ये मागावर काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येई, आणि बायको बोलू लागली की आणखी कमी येई. ते मिलमधून सुटले तेव्हा हाती आलेल्या फंडातून दहा हॉर्सपॉवरची मोटर आली, दगड आले, पट्टा आला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला आणि खाली खडूनं लिहिलेली पाटी लागली: 'नंबरानेच दळले जाईल.' चक्की चांगली चालली. सहा वर्षांत मनकर्णाबाईच्या भुवया पिठानं कायमच्या पांढऱ्या झाल्या आणि मोहल्ल्यात तिचा शब्द पिठासारखा घरोघर पोचू लागला.

मग अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा आला आणि लाईन जाऊ लागली. नागपुरात विजेला लाईन म्हणतात. पेपरात वीजकपातीचं वेळापत्रक छापून येई, अमुक भागात दहा ते दोन, तमुक भागात दोन ते सहा. लोक ते कात्रण खळ लावून भिंतीवर चिकटवत. लाईन मात्र पेपर वाचत नसे. ती तिच्या मर्जीनं जाई आणि तिच्या मर्जीनं येई. गच्चीवर चढलं की कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसे. "कोळसा आपला, धूर आपल्या छातीत, मंग लाईन कुठी जाऊन राहिली?" असा प्रश्न पानठेल्यावर रोज कोणीतरी विचारी आणि बाकीचे सगळे मुंबईच्या दिशेला बोट करत. त्या दिशेला खरं म्हणजे पानठेल्याचीच भिंत होती.

चक्की दिवसातून दोन तास चालली तर डोक्यावरून पाणी. डब्यांची रांग ओट्यावरून रस्त्यावर आली, रस्त्यावरून निंबाखाली गेली आणि निंबाखालून सायकलच्या दुकानापाशी जाऊन पोचली. मनकर्णाबाई दिवसभर खटक्यावर हात ठेवून बसे. घरोघर भात शिजू लागला. दोन्ही वेळा भात खाऊन पुरुषमाणसं चिडचिडी झाली, आणि ती चिडचिड बायकांनी चक्कीवर आणून ओतली.

अशात बिल आलं. रुपरावांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चक्की निम्म्याहून कमी चालली होती आणि बिल दीडपट आलं होतं.

"वाचाले चुकले असान तुमी," मनकर्णाबाई म्हणाली.

"आकडे आहेत वं. आकडे काय चुकतीन?"

"मंग पाठवणारा चुकला असन."

तिनं पदरानं तोंडावरचं पीठ झटकलं आणि बिल घेऊन वीज कचेरी गाठली. कचेरी जवळच होती, दहा मिनिटांच्या वाटेवर. तिथं वामनराव नावाचे बाबू होते. वामनरावांच्या टेबलावरचा पंखा कधी बंद पडत नसे, त्यामुळे लोक इतके घामाघूम होऊन का येतात याचं त्यांना मनापासून नवल वाटे. त्यांनी बिलावर नुसती नजर टाकली.

"बरोबर आहे बाई. मिनिमम आहे हे."

"मिनिमम काय असते?"

"तुमची मोटर दहा हॉर्सपॉवरची. दर हॉर्सपॉवरला इतके, म्हणजे इतके. वीज वापरा, नका वापरू. यंदा दरही वाढलाय."

"वापरू कशी? लाईन तं तुमीच देऊन नाही राहिले!"

"वीज आली नाही, मान्य. पण खांब तुमच्यासाठी उभा आहे नं? तार तुमच्यासाठी उभी आहे नं? त्याचे पैसे." वामनरावांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलेलं होतं की म्हणताना त्यांना आता विचारही करावा लागत नसे.

"खांबाले बकरी बांधतो आमी. त्यानं पीठ नाही होत," मनकर्णाबाई म्हणाली. "मोठमोठ्या कारखान्यांले म्हणे सवलतीत देता. अन् माह्यावर दहा घोड्यांचा खर्च, घोडे दारात उपाशी उभे!"

वामनरावांनी तिच्या हातात एक नोटीस ठेवली. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पैसे भरले नाहीत, तर लाईन कापण्यात येईल. तक्रार असेल तर लेखी अर्ज, तो तक्रारीच्या खिडकीवर, तोही नंबर लावून.

नोटिशीतला धाक खरा होता. तुटवड्यामुळं त्या साली नव्या मोटरला कनेक्शन देणं बंदच होतं. एकदा कापलेली लाईन पुन्हा जोडून मिळायला दोन-दोन वर्षं लागत, आणि तोवर मोटर भंगारात जाई. रुपराव म्हणाले, "पोस्टातले काढून आणतो. भरून टाक वं, जाऊ दे." एका महिन्याचं भरता आलं असतं, पण दर महिन्याला न दळलेल्या दळणाचे पैसे भरायचे म्हणजे चक्कीनं चक्कीच खायची. आणि ती जमेल तसं भरत राहिली असती, तरी न आलेल्या लाईनीचे पैसे तिच्या गळ्याखाली उतरले नसते. तिनं सायकलवाल्याकडून अर्ज लिहून घेतला, अंगठ्याऐवजी वळणदार सही केली आणि तक्रारीच्या खिडकीला नंबर लावला.

खिडकीचा नंबर हे एक वेगळंच प्रकरण होतं. गुरुवारी ती चौथ्या नंबरापर्यंत पोचली आणि जेवणाची सुट्टी झाली. शुक्रवारी दुसऱ्या नंबरापर्यंत पोचली तर खिडकीतला माणूस मीटिंगला गेला. शनिवारी चौदावा नंबर होता आणि तेवढ्यात कचेरीतला चपराशी धोंडबा, जो तिच्याच मोहल्ल्यात राहायचा, धावत आला. "मावशी, तुमच्या इकडे लाईन आली!"

आता मनकर्णाबाईपुढं मोठा पेच पडला. नंबर सोडला तर अर्ज जातो, लाईन सोडली तर रांगेतल्या घरांचं दळण जातं. तिनं मग तेच केलं जे पाचपावलीतल्या कोणत्याही बाईनं केलं असतं. बाजारातून घेतलेले पायलीभर गहू तिच्याजवळ डब्यात होते. तिनं तो डबा चौदाव्या नंबराला ठेवला, वर अर्ज ठेवला, अर्जावर खडा ठेवला.

"ध्यान ठेवजो गा धोंडबा," ती म्हणाली, आणि चक्कीवर पळाली.

दीड तासानं लाईन गेली तशी ती परत आली. रांग संपली होती, खिडकी बंद झाली होती. डबा दिसेना. शोधता शोधता तो जिन्याखाली केरसुण्यांजवळ आडवा पडलेला सापडला. झाकण एकीकडे, गहू जमिनीवर, अर्जावर कोणाच्या तरी बुटाचा ठसा.

"वामनरावबाबूंनं लाथेनं सारला," धोंडबा खालमानेनं म्हणाला. "मी सांगत होतो त्यायले, नंबरातला डबा आहे, हात नका लावू. ते म्हणे, डब्याचा काय नंबर असते? माणसाचा नंबर असते."

मनकर्णाबाईनं गव्हाचा दाणा न् दाणा वेचला. वेचता वेचता तिनं खिडकीकडं पाहिलं. खिडकीपासून डबा वीसेक हात लांब होता. तिला बाभळीखालची टोपली आठवली, आईचं तोंड आठवलं, आणि तिनं झाकण मुठीनं ठोकून डब्यावर बसवलं. पण ती एक शब्द बोलली नाही. धोंडबाला मेव्हण्याच्या पोळ्या माहीत होत्या. तो दोन पावलं मागं सरला.

रविवारी चक्कीवर बायकांची सभा भरली. मनकर्णाबाईनं सगळी हकीकत सांगितली. नोटीस मिळाली हे ऐकून बायका हळहळल्या, पण डब्याला लाथ मारली हे ऐकून त्या उठून उभ्या राहिल्या.

"मोर्चा काढू," एक म्हणाली. "घेराव घालू," दुसरी म्हणाली.

"मोर्चात आपल्याले दिवसभर उभं राहा लागते," मनकर्णाबाई म्हणाली. "घरची कामं कोण करीन? आपण काहून उभं राहायचं? आपले डबे आहेत नं."

सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी पाचपावलीतून डबे निघाले. डोक्यावरून, कडेवरून, सायकलच्या कॅरिअरवरून, सायकलरिक्षात एकावर एक. तेलाचे पिपे, पितळी डबे, बिस्किटांचे चौकोनी डबे, प्रत्येकावर ऑइलपेंटनं घरधन्याचं नाहीतर घरधनिणीचं नाव. चक्कीवर होता तोच नंबर तिथं. सगळ्यांत पुढं, खिडकीला टेकून, मनकर्णाबाईचा पोचे आलेला डबा. त्याच्यामागं एकशे अकरा. रांग खिडकीपासून निघून व्हरांड्यात आली, वामनरावांच्या टेबलाला वळसा घालून जिन्यावर चढली, साहेबांच्या दारासमोरून गेली आणि दुसऱ्या जिन्यानं उतरून अंगणातल्या जीपपर्यंत पोचली. डबे मांडून झाल्यावर सगळे आपापल्या घरी गेले.

दहा वाजता कचेरी भरली आणि कोणाला काही सुचेना. ओरडायचं कोणावर? घोषणा नाहीत, झेंडे नाहीत, माणूस नाही. एकशे बारा डबे शिस्तीत उभे. वामनरावांना आपल्या खुर्चीपर्यंत जायला डब्यांवरून उडी मारावी लागली, त्यात धोतराचा सोगा एका झाकणात अडकला.

"उचल रे हे सगळं!" ते धोंडबावर खेकसले.

"बाबूजी, सस्पेंड करा," धोंडबा हात जोडून म्हणाला. "नंबरातल्या डब्याले मी हात नाही लावत. मले पोळ्या खाऊन जगायचं आहे."

मग पोलिसांना फोन गेला. एक जमादार आला, त्यानं काठी आपटून विचारलं, "जमाव कुठी आहे?" वामनरावांनी डब्यांकडं बोट दाखवलं. जमादार रांगेवरून नावं वाचत वाचत चालत गेला आणि सतराव्या डब्यापाशी थबकला. त्यानं इकडंतिकडं पाहून हळूच झाकण उघडलं, आतले गहू चिमटीत घेऊन पाहिले, झाकण लावलं. मग वामनरावांना म्हणाला, "यात कायद्याचा भंग काही दिसत नाही. तक्रारीच्या खिडकीले नंबर लावून राहिले लोक. पण कोणी यातला एक डबा जरी इकडचा तिकडं केला, तर ती चोरी होईन. तसा रिपोर्ट मले लिहा लागन." सतरावा डबा त्याच्याच घरचा होता.

एवढ्यात साहेब आले. देवस्थळी साहेब पुण्याकडचे, वर्षभरापूर्वी बदली होऊन आलेले, स्वभावानं वाईट नव्हते. नियमावर त्यांचा भाबडा विश्वास होता इतकंच. कचेरीच्या मागंच त्यांचं क्वार्टर होतं.

"काय तमाशा आहे हा? फेका बाहेर सगळं!" म्हणत ते स्वतःच वाकले आणि समोरचा पितळी डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

"खाली ठेवा तो!" मागून आवाज आला. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची बायको सत्यवतीबाई उभी होती. "आपला आहे. नाव वाचा."

साहेबांनी नाव वाचलं. सौ. सत्यवती देवस्थळी, त्रेचाळिसावा नंबर. मोलकरणीनं चार दिवसांपूर्वी चक्कीवर नेऊन ठेवला होता. सकाळी तो कोणी उचलायला नव्हतं तेव्हा मनकर्णाबाईनं स्वतः रिक्षात घालून आणला आणि बरोबर बेचाळीस आणि चव्वेचाळीसच्या मध्ये ठेवला. साहेबाचा म्हणून तिनं तो ना पुढं घेतला, ना मागं टाकला.

"चार दिवस घरात भात शिजतोय तो कशामुळे, वाटलं तुम्हाला?" सत्यवतीबाई म्हणाली. "उचललात तर नंबर जाईल. तिथं चालत नाही असलं."

साहेबांनी डबा होता तिथं ठेवला. जरा तिरपा झाला होता, तोही सरळ केला.

शेवटी पहिल्या नंबराला बोलावणं गेलं. मनकर्णाबाई आली, वामनरावांकडं न पाहता सरळ साहेबांपुढं उभी राहिली.

"बाई, हे डबे उचला."

"नंबर आला की उचलतो साहेब. दळाचे आहेत ते. लाईन द्या."

साहेबांनी फोन फिरवला, कोणाशी तरी इंग्रजीत बोलले. "एक ते सहा, सलग. माझा शब्द."

"अन् माह्या बिलाचं?"

"बिल नियमाप्रमाणे. ते माझ्या हातात नाही. पाच वाजता लाइनमन येईल." साहेबांचा चेहरा पडला होता, पण शब्द तेच राहिले.

मनकर्णाबाईनं क्षणभर विचार केला. डबे इथंच ठेवले असते तर साहेब आणखी वाकले असते कदाचित. पण एकशे अकरा घरांत पीठ नव्हतं आणि लाईन एक वाजता येणार होती. आपल्या अर्जासाठी लोकांच्या पोरांना आणखी एक दिवस भात खाऊ घालायचा हे तिला पटेना. "चला वं बायांनो," एव्हाना फाटकाबाहेर येऊन थांबलेल्या बायांना ती ओरडून म्हणाली, "घेऊन चला डबे. नंबर नका मोडू."

एक वाजता खरंच लाईन आली. रुपरावांनी पट्टा चढवला आणि मोटर घुमू लागली. मनकर्णाबाई एकेक डबा उचलून ओतत होती, आणि दर डब्याला तिच्या मनात येत होतं की हे शेवटचं दळण. पाच वाजता दगड थांबणार. तिनं कोणाला बोलून दाखवलं नाही. रुपराव मात्र अधूनमधून मोटरवर हात ठेवून उभे राहत, घरातलं जनावर विकायच्या दिवशी माणूस उभा राहतो तसे.

साडेचारला जीप आली. साहेब उतरले, बरोबर पक्कड घेतलेला लाइनमन. सत्यवतीबाईनं निघताना बजावलं होतं, येताना डबा घेऊन या. बेचाळिसावं दळण चालू होतं.

"आपलाच नंबर आहे साहेब आता. बसा," मनकर्णाबाईनं रिकाम्या पोत्याची घडी टाकली.

बेचाळिसावं दळण निघालं. तिनं साहेबांचा पितळी डबा उचलला, झाकण काढलं, दगडावरच्या तोंडापाशी नेला, आणि लाईन गेली.

मोटर घरघरत थांबली. चक्कीत एकदम इतकं शांत झालं की रुपरावांनाही ऐकू आलं. मग सगळ्यांच्या माना साहेबांकडं वळल्या.

"केव्हा येईन साहेब?" एका म्हातारीनं विचारलं.

साहेब लाइनमनकडं वळले. लाइनमन सायकलच्या दुकानातून फोन करून आला. "वरून गेली म्हणते साहेब. केव्हा येईन काही सांगता येत नाही."

"पण मी शब्द दिला होता!" साहेब म्हणाले. कोणी हसलं नाही. सगळ्यांना हे रोजचंच होतं, त्यांच्यासाठी नवीन होतं.

पाच वाजले. मनकर्णाबाई खटक्यापासून उठली. "चाला, कापा माही लाईन," ती लाइनमनला म्हणाली. "पण गेलेली लाईन कापता कशी ते पाहू दे मले."

लाइनमन पक्कड या हातातून त्या हातात करू लागला. साहेब घामानं भिजले होते. "असू दे. माझा डबा द्या, मी तसाच घेऊन जातो," ते उठले.

मनकर्णाबाईनं झाकण लावून डबा त्यांच्या हाती दिला आणि दुसरा हात पुढं केला. "दळणाचे पैसे."

"दळलं कुठं अजून?"

"नाही दळलं, मान्य," ती शांतपणे म्हणाली. "पण चक्की तुमच्यासाठी उभी होती नं? दगड तुमच्यासाठी उभा होता नं? मीही उभी होती. मिनिमम लागते साहेब."

निंबाखालच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. साहेबांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग डब्याकडं पाहिलं. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. एका हातात गव्हाचा डबा, दुसरा खिशावर. मग ते पोत्यावर बसले आणि लाइनमनला म्हणाले, "जीपमधली फाइल आण."

डबा मांडीवर आडवा घेऊन, त्याच्या पत्र्यावर कागद टेकवून त्यांनी लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण सायकलवाल्यानं तशी मागणी केली. अर्जदाराची तक्रार वर पाठवण्यात येत आहे, निर्णय होईपर्यंत लाईन कापू नये, आणि तोवर मीटरवर जेवढी वीज फिरली तेवढ्याचेच पैसे घ्यावेत. खाली सही, तारीख. रुपरावांनी कागद घेतला, दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि मग भिंतीकडं तोंड करून डोळेही पुसले.

साहेब गेले नाहीत. त्यांनी डबा पुन्हा त्रेचाळिसाव्या नंबरावर ठेवला आणि पोत्यावर बसून राहिले. मनकर्णाबाईनं त्यांना ताडाचा पंखा दिला, माठातलं पाणी दिलं. आत येणारी प्रत्येक बाई विचारी, "केव्हा येईन साहेब?" आणि ते दर वेळी म्हणत, "काय माहीत बाई." चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत ते अगदी पाचपावलीकरासारखं म्हणू लागले होते.

सव्वासहाला लाईन आली. मनकर्णाबाईनं पितळी डबा उचलला. कोपऱ्यात कोणाची तरी मिरच्यांची पिशवी दळून घ्यायची पडली होती. साहेबांना काही माहीत नव्हतं, पण रांगेतल्या सगळ्या बाया श्वास रोखून त्या पिशवीकडं पाहू लागल्या. मनकर्णाबाईनं पिशवी पायानं मागं सारली, मूठभर कण्या टाकून दगड आणखी एकदा साफ केला आणि मग साहेबांचे गहू ओतले.

पीठ निघालं. तिनं डबा काट्यावर ठेवला, वजन पाहिलं आणि पैसे सांगितले. साहेबांनी खिशातून नोट काढून पुढं केली. "राहू द्या बाई सगळे. इतका वेळ थांबलात."

मनकर्णाबाईनं पिठाच्या हातानं सुटे मोजून त्यांना परत दिले. "दळलं तेवढ्याचेच घेतो साहेब," ती म्हणाली, आणि चव्वेचाळिसावा डबा हातभर पुढं सरकवला.